वाजवणारे काका आता व्हायोलिन बनवतात

आज ठाण्यात पाचपाखाडीत एका काकांकडे गेले होते, आयुष्यभर व्हायोलिन वाजवलं आणि आता घरच्या गॅलरीत टेबल टाकून स्वतः व्हायोलिन बनवतात, शेजारी एक चेलो, म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ, तो पण अर्धा झालाय. वरची पाटी स्प्रूसच्या लाकडाची, मागची मेपलच्या लाकडाची, आणि ती वरची पाटी छोट्या रंध्याने घासत घासत जेमतेम 3 मिलिमीटरवर आणायची, मधेमधे बोटाने टकटक करून ऐकायचं. जोड सगळे सरसाचे, कारण सरस गरम पाण्याने सुटतो, उद्या दुरुस्ती करायची तर व्हायोलिन न तोडता उघडता येतं. आपल्या पावसाळी हवेत तर ते लागतंच!

पण खरी मजा आतल्या काडीची. दोन पाट्यांच्या मधे स्प्रूसची एक बारीक काडी नुसती दाबून उभी असते, चिकटवलेली नाही, ती केसभर सरकवली की आवाज बदलतो. काकांनी सरकवली, वाजवलं, परत सरकवली, परत वाजवलं, आणि एकदम तो खालचा सा असा भरून आला की अंगावर काटा आला हो. हे नुसत्या सुतारकामाने येत नाही, वाजवणाऱ्याचाच कान पाहिजे असं माझं ठाम मत झालंय.

इटलीतल्या क्रेमोनाच्या या कलेला युनेस्कोने 2012 मध्ये वारसा म्हणून मान दिला, आपल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मग ठाण्यात व्हायोलिन का घडू नये? काकांना शिकवायचंय. कोणाचं पोर व्हायोलिन वाजवत असेल आणि हाताने काम करायची आवड असेल तर मला मेसेज करा, मी काकांशी बोलून घेऊन जाईन.