पाय कापणारा फाइंडर

झोर्की-4 हा जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा, 135 मिमीची ज्युपिटर-11 लेन्स आणि शूमध्ये (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) बसणारा टरेट फाइंडर (डोळा लावून चौकट बघायचं साधन, चकती फिरवून लेन्सप्रमाणे कोन निवडायचा) असा संच दुरुस्तीला आला. तक्रार नेहमीच्या उलट होती. शूमधला फाइंडर लेन्सच्या सहाएक सेंटिमीटर वर बसतो, म्हणून जवळच्या फोटोत डोकी कापली जातात. इथे दहा मीटरवरच्या माणसाचे गुडघ्यापासून खाली पाय गायब आणि डोक्यावर ढीगभर आकाश.

झोर्की-4 ची पाठ पूर्ण निघते, त्यामुळे काम सोपं. फिल्म टेकते त्या आतल्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला. आधी शटर चढवलं, मगच वेग बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) आणला. हा क्रम चुकवला की यंत्रणा बिघडते. लॉकवाल्या केबल रिलीजने शटर उघडं धरलं आणि ट्रायपॉडवरून पन्नास मीटरपलीकडच्या खांबावरचा दिवा कागदाच्या मधोमध आणला. इतक्या लांब सहा सेंटिमीटरचा फरक नगण्य, त्यामुळे दिवा फाइंडरमध्येही मध्यावरच हवा. तो वरच्या कडेजवळ होता. म्हणजे फाइंडरची मान सुमारे 4 अंश खाली. 135 मिमीला उभा कोन जेमतेम 10 अंशांचा!

पॅरलॅक्सची तरफ, म्हणजे जवळच्या फोटोसाठी फाइंडर खाली झुकवणारा दांडा, तर अनंतावर होती. पण पूर्वी कुणीतरी फाइंडर उघडून ती चुकीच्या जागी बसवलेली. आकडा अनंताचा, कल 1 मीटरचा, म्हणजे साधारण साडेतीन अंश. उरलेला अर्धाएक अंश शूचा: स्प्रिंग मेलेली, टरेटचं वजन पुढे, म्हणून नाक खाली. अठरा मिमीच्या पायाला 0.2 मिमीची ढिलाई असली तरी एवढा कल येतो. 35 मिमीच्या रुंद कोनाच्या लेन्सला हे कळलंही नसतं.

शू आधी. उलट केलं तर तरफ जुळवूनही सगळं परत हलतं. स्प्रिंगखाली पितळेची पातळ पट्टी सरकवली, फाइंडर घट्ट बसला. मग तरफेचा स्क्रू सैल करून दिवा मध्यावर आणला आणि अनंताच्या खुणेवर स्क्रू आवळला. टरेट 135 वर नीट खटकन बसलाय ना, तेही बघावं. अर्धवट फिरलेला असला तर चौकट बाजूला सरकते.

शेवटी 2.5 मीटरवर, या लेन्सच्या किमान अंतरावर, मोजपट्टी उभी धरून पाहिलं. तिथे चौकटीची उंची साधारण 40 सेंमी, म्हणजे तरफ विसरली तर सातवा हिस्सा गेला. तरफ 2.5 वर ठेवल्यावर फाइंडरमधले आणि कागदावरचे आकडे जुळले.