पाचशे रुपये अनामत, दोन अंडी

तोरणमाळहून येऊन महिना झाला. ती पावती अजून पर्समध्ये आहे आणि हाताला लागली की माझं डोकं पुन्हा तापतं.

आमच्या आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, सकाळची साखरेची गोळी घेतली की लगेच काहीतरी खायला लागतं. मुक्कामाच्या ठिकाणचं स्वयंपाकघर उघडणार नऊला. म्हणून शहाद्यात डझनभर अंडी घेतली आणि घाटाची सगळी वळणं ट्रे मांडीवर धरून काढली. एकही फुटलं नाही. कळण्याच्या भाकरी आणि ठेचा जळगावहूनच बांधून नेला होता. खोलीत किटली होती, पण तिच्यात अंडी उकडणं मला पटत नाही. पुढच्या पाहुण्याला तिच्यातच चहा करायचा असतो.

बुकिंगच्या वेळी ‘मायक्रोवेव्ह आहे’ असं सांगितलं होतं. होता. काउंटरमागच्या कुलूपबंद खोलीत.

साडेसहाला किल्ली मागायला गेले. “काय गरम करायचंय ताई?” “अंडी.” झालं! मॅनेजर शिरपूरकडचा, बोलायला गोड. म्हणाला, “अंडा फुटतस ना ताई त्यामा. मालकले इचारनं पडी.”

मालक धुळ्याला. रेंज फक्त फाटकाजवळच्या कोपऱ्यात. तो तिकडे गेला, मी दोन अंडी हातात घेऊन काउंटरपाशी उभी. वीस मिनिटं. समोर यशवंत तलावावर धुकं उतरलं होतं, एरवी मी त्याचे पन्नास फोटो काढले असते. निरोप आला तो असा: मागे कुणीतरी कवचासकट अंडं ठेवलं होतं, आतून सगळं बरबटलं, तेव्हा आता पाचशे रुपये अनामत आणि रजिस्टरमध्ये नोंद.

रजिस्टरमध्ये नाव, खोली, आधार नंबर, कारण. कारणात ‘नाश्ता’ लिहिलं. तो म्हणाला, खोडून ‘अंडी’ लिहा. लिहिलं. पाचशेची नोट पुढे केली तर घेईना, कारण पावतीपुस्तक दूध आणायला गेलेल्या पोराच्या पिशवीत! पावतीशिवाय पैसे नाहीत, पैशाशिवाय किल्ली नाही. आप्पा शाल गुंडाळून व्हरांड्यात आले, “राहू दे वं, भाकर खाई लेस मी,” म्हणाले आणि ठेच्याबरोबर खाल्लीसुद्धा. म्हणजे प्रश्न आता आप्पांचा राहिला नव्हता, माझा झाला होता. पोरगा आला आठ वाजून दहा मिनिटांनी.

एवढ्या वेळात कुणी त्या मालकाला टाचणीएवढी गोष्ट सांगितली असती तर बरं झालं असतं. टाचणी शब्दशः. अंडं कपात फोडायचं आणि बलकाला टूथपिकने तीन-चार भोकं पाडायची. बलकावर पातळ पापुद्रा असतो, आत वाफ कोंडली की तो फाटतो. उकडून सोललेलं अंडंही म्हणूनच अख्खं गरम करू नये, चिरून ठेवावं. नाहीतर कधीकधी ते बाहेर काढल्यावर, दातांखाली फुटतं.

भांड्याचा घोळ वेगळाच. खोलीत सगळं स्टील, आणि ताटल्या मेलामाइनच्या. दोन्ही चालत नाहीत. शेवटी चहाचा जाड कप मिळाला. कपाला सोनेरी काठ असेल तर तोही नको. घरूनच एक साधा कप न्यावा.

चमचाभर पाणी, वर बशी तिरकी, म्हणजे वाफेला वाट राहते. पॉवर निम्मी. आधी तीस सेकंद, मग पंधरा-पंधरा, दर वेळी उघडून बघायचं. पांढरं जरा ओलसर असतानाच थांबायचं. मिनिटभर झाकून ठेवलं की आपोआप धरतं. घरचे आकडे तिथे लावू नका. मशीन जुनं आणि व्होल्टेज कमी, माझ्या घरच्या चाळीस सेकंदांना तिथे सत्तर लागले.

हे सगळं मला माहीत होतं, तरी रागाच्या भरात पहिलं अंडं भोकं न पाडता, पूर्ण पॉवरवर ठेवलं. ठप्प! बशी उडाली, दारावर पिवळे शिंतोडे. मॅनेजर बाहेरच होता. मी जोरात खोकले. मग वाटीभर पाण्यात, चहासाठी ठेवलेल्या लिंबाची फोड पिळून, तीन मिनिटं फिरवली. वाफेने सगळं सुटलं, रुमालाने पुसून घेतलं. (वाटी चिनी मातीची, तीही त्या पोरानेच दिली.) दुसरं अंडं मात्र असं जमलं की आप्पांनी अर्धी भाकरी आणखी घेतली.

निघताना मॅनेजरने आत डोकावून पाहिलं, वास घेतला आणि नोट परत केली. पावती मागितली नाही, मीही दिली नाही. तिच्यावर लिहिलंय: ‘अंडी, 2 नग. मशीन सुस्थितीत.’