तुम्ही विचारलंत म्हणून: इराकमध्ये तीस देश असूनही पोलीस ठाणी रिकामी का झाली?

लष्करी घडामोडींवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना इराकविषयी एक प्रश्न हमखास विचारला जातो. 2003 मध्ये अमेरिका आणि ब्रिटननं इराकचा ताबा घेतला होता आणि 2004 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या जोडीला तीसहून अधिक देशांच्या तुकड्या तिथं होत्या. इराकी पोलीस आणि जवानांना प्रशिक्षण मिळत होतं. दोन लाखांहून जास्त इराकी सुरक्षा दलांत आहेत, असं अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड सांगत होते. मग एप्रिल 2004 मध्ये काही दिवसांतच हे सगळं ढासळलं कसं?

उत्तर दोन वाक्यांत देता येतं. बाहेरून आलेले झेंडे मोजले गेले आणि पगारपत्रकावरची नावं मोजली गेली. पण गोळीबार सुरू झाल्यावर यातलं कोण, कुणाच्या हुकमावर, किती वेळ जागेवर टिकेल, याचा हिशेब कुणी केला नव्हता. आता तुम्ही विचारलंतच, म्हणून हा हिशेब नीट मांडते.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते, कारण भार वाटून घेण्याची मर्यादा तिथंच ठरली. 1907 च्या हेग नियमांच्या 43 व्या कलमानुसार, ज्या सैन्याच्या ताब्यात प्रदेश असतो त्याच्यावरच तिथली सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी असते. 22 मे 2003 च्या सुरक्षा परिषदेच्या 1483 क्रमांकाच्या ठरावानं अमेरिका आणि ब्रिटन या दोघांनाच ताबा असलेल्या सत्ता मानलं. बाकीचे देश त्यांच्या हाताखाली काम करू शकतील, पण त्या अर्थानं ताबेदार ठरणार नाहीत, अशी नोंद त्याच ठरावात आहे. म्हणजे काम वाटलं गेलं, जबाबदारी वाटली गेली नाही. पोलंड, स्पेन किंवा युक्रेनच्या संसदेत कुणी प्रश्न विचारला, तर ‘आम्ही स्थैर्य आणि पुनर्बांधणीसाठी गेलो आहोत’ हे उत्तर कायद्याला धरूनच होतं. त्या उत्तराची किंमत पुढं कळली.

पैशाची बाजू पाहा. 1991 च्या आखाती युद्धात अमेरिकेचा खर्च सुमारे 61 अब्ज डॉलर झाला आणि त्यातले सुमारे 54 अब्ज सौदी अरेबिया, कुवेत, जपान, जर्मनी वगैरे देशांनी भरले. 2003 मध्ये गणित उलटं झालं. तुकडी पाठवणाऱ्या अनेक देशांना विमानानं नेणं-आणणं, जेवण, इंधन, जखमींना हलवणं हे सगळं अमेरिकाच पुरवत होती. इराकच्या पुनर्बांधणीसाठी भरलेल्या ऑक्टोबर 2003 च्या माद्रिद परिषदेत एकूण सुमारे 33 अब्ज डॉलरची आश्वासनं मिळाली, पण त्यातला मोठा वाटा अमेरिकेचाच होता आणि उरलेल्यात बरीच रक्कम कर्जाची होती. जपानच्या 5 अब्जांपैकी साडेतीन अब्ज कर्जरूपानं होते. आधीच कर्जात बुडालेल्या देशाला ही मदत कागदावर जेवढी दिसते तेवढी कधीच नव्हती. त्या मानानं नोव्हेंबर 2004 मध्ये पॅरिस क्लबनं, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांच्या गटानं, आपलं 80 टक्के कर्ज माफ केलं, ती मदत खरी. तिच्याविषयी मात्र फारसं बोललं जात नाही.

आता तुकड्या. बगदादच्या दक्षिणेकडचे बाबिल, करबला, नजफ, कादिसिया आणि वासित हे पाच प्रांत सप्टेंबर 2003 मध्ये पोलंडच्या नेतृत्वाखालच्या बहुराष्ट्रीय डिव्हिजनकडे गेले. वीसहून अधिक देश, मिळून सुमारे नऊ हजार माणसं. आकडा भरघोस वाटतो. पण तीनशे जणांची तुकडी तळावर उतरली की पहारा, स्वयंपाक, दुरुस्ती, दवाखाना, वायरलेस आणि रजा यांत बहुतेक माणसं अडकतात. एका वेळी रस्त्यावर गस्तीला शंभरही उरत नाहीत. वीस देश म्हणजे वीस स्वयंपाकघरं, वीस प्रकारचे सुटे भाग आणि वीस राजधान्यांतून येणारे हुकूम. प्रत्येक तुकडीबरोबर तिच्या सरकारनं घातलेल्या अटी येतात: रात्री गस्त नाही, जमावावर बळाचा वापर नाही, नेमून दिलेल्या प्रांताबाहेर जायचं नाही, हल्ल्यात भाग घ्यायचा नाही. डिव्हिजनचा प्रमुख नकाशावर नऊ हजार माणसं पाहतो. त्याला खरोखर हलवता येतात ती फार थोडी.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण दक्षिण इराकमधल्या समावा शहराचं. तिथं जपाननं सुमारे सहाशे जणांची तुकडी पाठवली. पाणी शुद्ध करणं, शाळा आणि रस्ते दुरुस्त करणं हे तिचं काम. जपानी राज्यघटनेमुळे स्वसंरक्षणापलीकडे तिला शस्त्र चालवता येत नव्हतं, म्हणून त्या प्रांताची सुरक्षा हजाराहून अधिक डच सैनिकांनी सांभाळली. 2005 मध्ये डच परत गेले, तेव्हा आधी ब्रिटिश आणि मग सुमारे 450 ऑस्ट्रेलियन त्यांच्या जागी आणावे लागले. या सगळ्यांची नोंद ‘भार उचलणारे देश’ अशीच होते. जपान्यांनी केलेलं काम चांगलं होतं, त्याविषयी वाद नाही. पण सुरक्षेच्या ताळेबंदात ती तुकडी जमेच्या बाजूला धरणं चूक होतं.

भारताचा उल्लेख इथं टाळता येणार नाही, कारण आपल्याकडे जवळपास एका डिव्हिजनची मागणी झाली होती. 14 जुलै 2003 रोजी सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीनं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू, असं सांगून नकार दिला. माझ्या मते तो निर्णय योग्य होता आणि त्याचं कारण भावनिक नाही. आदेश आणि अधिकार अमेरिकेचे, रस्त्यावरची रोजची चकमक आपली आणि इराकी लोकांच्या नजरेत ताबा घेणारेही आपण, असा तो व्यवहार झाला असता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तानच्या संसदेनं सैन्य पाठवायला मंजुरी दिली, तेव्हा अमेरिकेनंच नेमलेल्या इराकींच्या प्रशासक मंडळानं विरोध केला आणि तो बेत बारगळला. शेजारी देशाचं सैन्य आयतं मिळतं, पण लोकांना ते चालेल की नाही हे आधी विचारावं लागतं.

आता स्थानिक दलांकडे वळू. मुळात पोकळी तयार केली ती 23 मे 2003 च्या आदेशानं. अमेरिकेनं नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या हंगामी प्रशासनानं इराकी सैन्य बरखास्त केलं. साडेतीन लाखांहून अधिक माणसं पगार, पेन्शन आणि मान गमावून घरी बसली, शस्त्रं मात्र बऱ्याच जणांकडे राहिली. महिन्याभरात निदर्शनं झाली, तेव्हा त्यांना भत्ता सुरू केला. त्या एका महिन्यात जे बिघडलं ते भत्त्यानं भरून आलं नाही. नव्या सैन्याच्या पहिल्या बटालियनचं संचलन 4 ऑक्टोबर 2003 रोजी झालं. जवळपास सातशे जवान होते. डिसेंबरपर्यंत त्यांतले सुमारे तीनशे सोडून गेले. मुख्य कारण पगार. साध्या जवानाला महिन्याला साठ-सत्तर डॉलर मिळत होते आणि तेवढ्यासाठी घरच्यांचा जीव धोक्यात घालायला तो तयार नव्हता.

पोलिसांचं काम याहून अवघड होतं. मे 2003 मध्ये आलेल्या अमेरिकी तज्ज्ञांनी 6,600 हून अधिक परदेशी पोलीस सल्लागारांची शिफारस केली होती. त्या वर्षी त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही पोहोचले नाहीत. तुलनेसाठी कोसोवो घ्या. जेमतेम वीस लाख वस्तीच्या त्या प्रदेशात संयुक्त राष्ट्रांनी सुमारे 4,700 आंतरराष्ट्रीय पोलीस मंजूर केले होते आणि अटक करण्याचा अधिकारही त्यांना होता. इराकची लोकसंख्या अडीच कोटींच्या घरात.

सल्लागार का लागतात, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण प्रशिक्षणाचा विषय निघाला की सगळे फक्त वर्गाबद्दल बोलतात. जॉर्डनमध्ये अम्मानजवळ मुवक्कर इथं 2003 च्या अखेरीस पोलीस प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. नव्या भरतीसाठी आठ आठवडे. त्यांतले निम्मे वर्गात, निम्मे मैदानात. जुन्या पोलिसांसाठी इराकमध्ये तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग. दुभाष्यामार्फत शिकवताना एका तासात अर्ध्या तासाचाच मजकूर पोहोचतो, म्हणजे आठ आठवड्यांतला वर्गाचा वेळ आणखी आटला. त्यातून माणूस शस्त्र धरायला, झडती घ्यायला, मानवी हक्कांचे नियम म्हणायला शिकतो. पंचनामा लिहिणं, खबऱ्या सांभाळणं, नातेवाईक संशयित असताना काय करायचं, वरिष्ठानं पैसे मागितले तर कुणाकडे जायचं, हे ठाण्यावरच शिकावं लागतं. शेजारी अनुभवी माणूस सहा महिने तरी बसला तरच ते शिकता येतं. तोच तिथं नव्हता. मुवक्करहून परतलेला वीस-बावीस वर्षांचा शिपाई जुन्या ठाणेदाराच्या हाताखाली गेला आणि पंधरा दिवसांत जुन्या पद्धतीचा झाला, तर त्यात नवल नव्हतं.

भरतीआधीची पडताळणीही तोकडी होती. कागदपत्रं लूटमारीत जळालेली, गावच्या प्रमुखाची चिठ्ठी हाच दाखला, आणि महिन्याला अमुक इतकी माणसं भरलीच पाहिजेत हा वरचा तगादा. असा तगादा लागला की पडताळणी सर्वांत आधी गळते.

शिवाय मोजणीत कोण होतं ते पाहा. दोन लाखांच्या आकड्यात सरकारी इमारती, तेलवाहिन्या आणि वीजकेंद्रं राखणारे हजारो पहारेकरीही धरलेले होते. त्यांचं प्रशिक्षण बहुधा तीन दिवसांचं. पगारपत्रकावर नाव असलेला, पण एकही वर्ग न केलेला पोलीसही त्यातच. साहित्याचंही तसंच. ठाण्यात रायफली आणि पिस्तुलं, समोरच्याकडे रॉकेट लाँचर. बुलेटप्रूफ जाकिटं, वायरलेस आणि गाड्या यांची मागणी नोंदली गेली, पण 2004 च्या वसंतापर्यंत बऱ्याच ठिकाणी माल पोहोचला नव्हता. ज्या ठाण्याला मदतीची हाक मारायला वायरलेसच नाही, तिथला शिपाई पळाला की त्याला भेकड म्हणणं मला पटत नाही.

मग एप्रिल आला. 4 तारखेला शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्रच्या मेहदी सेनेनं बगदादचं सद्र शहर आणि दक्षिणेतल्या शहरांत उठाव केला. सद्र शहरात पोलीस ठाणी सोडून निघून गेले. 5 तारखेला नव्या सैन्याच्या 620 जणांच्या दुसऱ्या बटालियनला, अमेरिकी सैन्याची लढाई चालू असलेल्या फलुजा शहराकडे निघायचा हुकूम झाला. वाटेत बगदादच्या शियाबहुल वस्तीत तिच्यावर हल्ला झाला आणि तिनं पुढं जायला नकार दिला. इराकींविरुद्ध लढण्यासाठी आपण भरती झालो नव्हतो, हे त्यांचं म्हणणं होतं. आणि ते खोटं नव्हतं: हे सैन्य परकीय आक्रमणाविरुद्ध सीमा राखण्यासाठी उभं केलं जात होतं. 7 तारखेला कूत शहरातून युक्रेनची तुकडी मागं हटली आणि ते परत घ्यायला अमेरिकी फौज पाठवावी लागली. उलट करबलाच्या नगरभवनात पोलिश आणि बल्गेरियन सैनिक चार दिवस टिकून राहिले. तेव्हा दोष सरसकट ‘छोट्या देशांच्या’ माथी मारणं अन्यायाचं आहे. स्पेननं मात्र 18 एप्रिलला सैन्य परत बोलावण्याची घोषणा केली आणि होंडुरास, डोमिनिकन प्रजासत्ताक हेही पाठोपाठ निघाले, कारण त्यांच्या तुकड्या स्पेनच्याच ब्रिगेडमध्ये होत्या. एक खांब काढला की त्याला टेकलेले आपोआप पडतात, आणि हे वेळापत्रक स्पेनमधल्या मतपेटीनं ठरवलं होतं, रणांगणानं नव्हे.

बगदादमधल्या अमेरिकी डिव्हिजनचे प्रमुख मार्टिन डेम्प्सी यांनी त्या महिन्यात अंदाज सांगितला: इराकी दलांतले सुमारे निम्मे टिकले, चाळीस टक्के काम सोडून गेले, दहा टक्के उलटले. जे टिकले त्यांत निमलष्करी नागरी संरक्षण दलाची 36 वी बटालियन होती. ती फलुजात लढली. तिच्यातली माणसं कुर्द आणि इतर राजकीय पक्षांच्या जुन्या लढाऊ गटांतून आलेली होती, एकमेकांना ओळखत होती आणि अमेरिकेचे विशेष दलाचे सैनिक तिच्याबरोबर राहत, जेवत, लढत होते. ती टिकली, ती अभ्यासक्रम इतरांपेक्षा फार वेगळा होता म्हणून नव्हे. पण या उपायातही धोका होता. पक्षनिष्ठ माणसं एकजुटीनं लढतात, ती कुणासाठी लढतात हे मात्र दर वेळी तपासावं लागतं. ऑक्टोबर 2006 मध्ये राष्ट्रीय पोलिसांची एक अख्खी ब्रिगेड, मारेकरी टोळ्यांशी संगनमताच्या संशयावरून, कामावरून काढून घ्यावी लागली.

ताबा 28 जून 2004 रोजी कागदोपत्री संपला. त्याच सुमारास अमेरिकी जनरल डेव्हिड पेट्रियस यांच्याकडे प्रशिक्षणाची सूत्रं आली, नाटोनंही छोटं प्रशिक्षण पथक पाठवलं आणि जर्मनीनं इराकी पोलिसांना संयुक्त अरब अमिरातीत शिकवलं. त्यानंतरही नोव्हेंबरमध्ये उत्तर इराकमधल्या मोसुल शहराचे बहुतेक पोलीस एका हल्ल्यात निघून गेले. खरा बदल 2005 मध्ये झाला: दहा-बारा जणांची सल्लागार पथकं इराकी बटालियनमध्येच राहू लागली आणि एकूण डोकी मोजण्याऐवजी प्रत्येक बटालियनला चारपैकी एक श्रेणी देणं सुरू झालं. पहिली श्रेणी म्हणजे कुणाच्याही मदतीशिवाय लढू शकणारी. त्या वर्षी सप्टेंबरअखेर इराकमधल्या फौजांचे अमेरिकी प्रमुख जनरल जॉर्ज केसी यांनी अमेरिकी संसदेत सांगितलं, की पहिल्या श्रेणीत एकच बटालियन आहे. खळबळ उडाली, टीका झाली. पण दोन वर्षांत दिलेला तो पहिला उपयोगाचा आकडा होता, कारण त्यातून अडचण कुठं आहे ते दिसत होतं. लढण्यापेक्षा इंधन, दुरुस्ती आणि पगार यांत बटालियन अडकत होत्या. बँका नव्हत्या, पगार रोख मिळायचा, म्हणून जवान दर महिन्याला आठवडाभर रजा घेऊन पैसे घरी पोहोचवायला जायचा. त्यामुळे पूर्ण भरलेल्या बटालियनमध्येही कुठल्याही दिवशी जवळपास चौथा हिस्सा गैरहजर असायचा, आणि ही गैरहजेरी 2003 च्या कुठल्याही तक्त्यात धरलेली नव्हती.