ख्रिसमस पुडिंग: दोन वाफांची गोष्ट

ख्रिसमस पुडिंग, म्हणजे सुकामेव्याचं काळपट, वाफवलेलं गोड, त्याला दोनदा वाफ द्यावी लागते. एकदा नोव्हेंबरात, करताना. आणि दुसऱ्यांदा २५ डिसेंबरला, पानात वाढण्याआधी. इंग्लंडमध्ये, लेस्टरला, आमच्या शेजारच्या आजी ते दरवर्षी घरी करतात. मी त्यांच्याकडून शिकले आणि मग आमच्या स्वयंपाकघराला जमेल तसं थोडं बदलून घेतलं. मनुके कुठले घ्यायचे, ब्रँडी किती घालायची यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला विचाराल तर ते सगळं दुय्यम. पुडिंग जमतं किंवा बिघडतं ते वाफेवर.

अॅडव्हेंटच्या (ख्रिसमसआधीच्या चार आठवड्यांच्या) आधीच्या रविवारी इथे सामान कालवायची पद्धत आहे. ‘स्टर-अप संडे’ म्हणतात त्याला. घरातल्या प्रत्येकानं एकदा ढवळायचं आणि मनात इच्छा धरायची. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी पदर खोचून असं ढवळलं, की आजी बघतच राहिल्या. मनुके, बेदाणे, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल, ब्रेडचा चुरा, काळपट मस्कोवाडो साखर, अंडी, जायफळ, दालचिनी, किसलेलं सफरचंद, ब्रँडी आणि सुएट.

सुएट म्हणजे मूळात गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. आमच्या घरात ती चालणार नव्हती. वनस्पती तेलापासून केलेलं शाकाहारी सुएट इथे दुकानात सहज मिळतं, तेच वापरलं. (त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं, गहू वर्ज्य असेल त्यांनी पाकीट वाचावं.) लोणी का नको, असं सासूबाईंनी विचारलं. लोणी फार लवकर वितळतं. सुएटचे कण जास्त वेळ टिकतात. भोवतीचा चुरा आणि अंडं धरू लागेपर्यंत ते तग धरतात, मग वितळतात आणि मागे बारीक पोकळ्या सोडतात. म्हणून इतका सुकामेवा असूनही पुडिंगचा दगड होत नाही.

दोन पिंटांचं, म्हणजे साधारण १.१ लिटरचं चिनी मातीचं भांडं लोणी लावून भरलं. वर थोडी जागा ठेवली. बटर पेपर आणि त्यावर फॉइल, दोन्हीला मधोमध एक चुणी घालायची, कारण पुडिंग थोडं फुगतं. काठाखाली सुतळी घट्ट बांधायची आणि तिचाच एक बंद वरून घ्यायचा, उचलायला. हा बंद नसेल तर उकळत्या पाण्यातून भांडं काढताना बोटं भाजणार हे नक्की.

आणि मग आठ तास.

“अगं, आठ तास गॅस? एवढ्यात अख्ख्या वाड्याचे मोदक होतील!” सासूबाई म्हणाल्या.

“आई, मोदक पांढरे हवे असतात. हे काळं व्हायला हवं.”

खरं कारण तेच. पुडिंग दोन-तीन तासांत धरतं, पण तेव्हा ते फिकट तपकिरी असतं आणि चवीला नुसता गोड केक. शंभर अंशांवर साखर आणि प्रथिनं यांची रंग-चव आणणारी क्रिया फार सावकाश होते. तिला तास लागतात, त्यात काटछाट नाही.

मोदकपात्र मी काढून पाहिलंच. उंची कमी पडते आणि तळाला पाणी थोडंच मावतं. शेवटी मोठं पातेलं घेतलं, तळाशी ताटली उपडी घातली, त्यावर भांडं, पाणी भांड्याच्या निम्म्यापर्यंत, वर घट्ट झाकण. पाणी घालायचं ते किटलीतलं उकळतंच. गार पाण्यानं वाफ मोडते. आजींनी पातेल्यात एक नाणं टाकायला सांगितलं. पाणी उकळतंय तोवर ते खुळखुळतं. आवाज बदलला की धावायचं. स्वयंपाकघराच्या काचांवरून दिवसभर पाणी ओघळत होतं. नोव्हेंबरात इथे खिडकी उघडी ठेवायची म्हणजे शिक्षाच, पण ठेवावी लागते.

दुसरं, एका पिंटाचं भांडं मी कुकरला लावलं. पुण्याहून आणलेला, साधा वजनाचा. आधी पंधरा मिनिटं वजन न ठेवता मंद वाफ द्यायची, म्हणजे पुडिंगला हलकं व्हायला वेळ मिळतो. पहिल्यापासून दाब दिला तर ते गच्च बसतं. नंतर वजन ठेवून पावणेदोन तास. शिट्ट्या मोजायचा इथे काही उपयोग नाही. प्रत्येक शिट्टीबरोबर पाणी जातं, म्हणून आच इतकी बारीक ठेवायची की शिट्टी होऊच नये, आणि पाणी सुरुवातीलाच भरपूर. दाबाखाली तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे रंगही लवकर चढतो. दोन्ही पुडिंगं शेजारी ठेवली तर आठ तासांचं किंचित जास्त काळं आणि मऊ. आजींना फरक लगेच कळला. सासूबाईंनी कुकरचं पसंत केलं, गॅसच्या बिलाकडे बघून. स्लो कुकर असणारे रात्रभर ‘हाय’वर ठेवून झोपतात, तेही चालतं, पाणी मात्र उकळतं घालून सुरुवात करायची.

पूर्ण गार झाल्यावर ओलसर कागद-फॉइल काढून कोरडा चढवला आणि भांडी बिनहीटरच्या खोलीतल्या कपाटात ठेवली.

दुसऱ्या वाफेचं गणित वेगळंच. आता काही शिजवायचं नसतं. गाभ्यापर्यंत गरम करायचं आणि थिजलेलं सुएट पुन्हा वितळवायचं. अर्धवट गरम पुडिंग टाळ्याला मेणासारखं चिकटतं, आणि असं खाल्लेले लोक मग आयुष्यभर पुडिंगला नावं ठेवतात. पातेल्यात दोन तास वाफ दिली की मोठं पुडिंग व्यवस्थित तयार होतं. पण ख्रिसमसच्या दुपारी इथल्या घरात शेगडी मोकळी कुठे असते? बटाटे, ब्रसेल्स स्प्राउट्स (कोबीसारखे इवले गड्डे), ग्रेव्ही, ओव्हनमध्ये टर्की. तिथे कुकर कामाला येतो: लहान पुडिंगला वीस मिनिटं, मोठ्याला अर्धा तास.

मायक्रोवेव्हला आजी नाक मुरडतात. मी नाही मुरडत, पण अटी आहेत. फॉइल काढायचं, शकुनाचं म्हणून पुडिंगच्या आत नाणं लपवलं असेल तर मायक्रोवेव्ह विसरायचा. साखर, चरबी आणि मद्य फार झपाट्यानं तापतात. जास्त वेळ लावला तर मधला भाग जळतो, प्रसंगी पेटतोही. दोन मिनिटं लावायचं, थोडं थांबायचं, पुन्हा एक-एक मिनिट. मध्यभागी थर्मामीटर खुपसून ७५ अंश दिसले की पुरे.

ब्रँडी पेटवण्याचा खेळ मुलांसाठी. गार ब्रँडी नीट पेटत नाही, कारण जळते ती तिची वाफ. पळीत किंचित कोमट करायची, पळीतच काडी लावायची आणि मग पुडिंगवर ओतायची. दिवे आधी घालवायचे, नाहीतर निळी ज्योत दिसतच नाही. बाटली जवळ ठेवू नये.

उरलेल्याचे दुसऱ्या दिवशी काप करून तव्यावर लोण्यात परततात. सासूबाईंनी ते तुपात परतले आणि मला विचाराल तर तुपातलेच सरस. जायफळ आणि तूप यांचं जुनं सख्य आहे.

परत जाताना एक लहान पुडिंग त्या पुण्याला घेऊन गेल्या. जानेवारीत फोन आला: “कुकरला लावलं गं, वीस मिनिटं, खाली वाटी घालून. छान झालं. तुझ्या सासऱ्यांनी दोनदा घेतलं. पण सोबतचं कस्टर्ड पातळ झालं, ते कसं करतेस?”