मटार सोलता सोलता

आज दुपारी मटार सोलायला बसले आणि शास्त्रीय गायिका प्रभाताई अत्र्यांचा मारुबिहाग राग लावला. आधी जुनं ध्वनिमुद्रण, मग लगेच उतारवयातल्या मैफलीतलं. आवाज थकलेला, दमसास कमी, हे कळतंच. पण सरगम, म्हणजे सा रे ग म म्हणत गायलेले स्वर? एकेक स्वर निवडून ठेवल्यासारखा. टाळीसाठी घाई कुठेच नाही. (हल्ली तिशीतले गवयी सम (तालाची पहिली मात्रा) यायच्या आधीच टाळ्यांकडे डोळे लावून असतात, असो.) गुरू सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांची तालीम, त्यावर स्वतःचा विचार, स्वतःच्या बंदिशी. प्रभाताई १३ जानेवारी २०२४ ला गेल्या, ९१ व्या वर्षी. त्याच दिवशी मुंबईत गाणं ठरलेलं होतं!

आई शेजारी डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, "परत लाव गं."

मटार अर्धे तसेच राहिले. रात्री पिठलं टाकलं.