मागचं मैदान जायलंय, हरकत लिहून द्या

परवा पेपरच्या आतल्या पानात, टेंडर नोटिसांच्या गर्दीत एक बारीक अक्षरातली जाहिरात आली आणि कॉलनीतल्या निम्म्या लोकांनी ती बघितलीच नाही. आपल्या मागचं मैदान, जे विकास आराखड्यात बगीचा आणि खेळासाठी आरक्षित आहे, ते रहिवासी करायचा प्रस्ताव आलाय. नकाशात हिरव्याचं पिवळं झालं की फ्लॅटची स्कीम आलीच समजा.

व्हॉट्सॲपवर सगळे पेटलेत, आंदोलन करू, उपोषणाला बसू, काहींनी तर नुसते रागाचे इमोजी टाकून काम उरकलं. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात कलम 37 आहे, त्यानुसार आराखड्यात असा बदल करायचा तर नोटीस काढून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, त्याला मुदत एक महिन्याची, मग हरकत देणाऱ्यांची सुनावणी आणि त्यानंतरच फाईल सरकारकडं मंजुरीला. ज्यानं लेखी दिलं त्यालाच सुनावणीला बोलावतात, ग्रुपवर भांडणाऱ्याला कोण विचारतंय.

कोपऱ्यावरचे काका म्हणायलेत, "जागा रिकामीच पडलीय की, घरं झाली तर लोकांची सोय होईल." घरं लागतात हो, भाडी कुठं चाललीत ते मला पण दिसतंय. पण रोडच्या पलीकडं तारेचं कुंपण घालून भाव वाढायची वाट बघत पडलेले प्लॉट आहेत ना, तिथं बांधा की आधी.

आणि रिकामी कशी? मोठा पाऊस झाला की वरच्या गल्ल्यांचं पाणी उतारानं येऊन लिंबाच्या झाडापाशी तुंबतं आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर तिथं नुसता चिखल, पाणी गायब. आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी मुरतं ते वरच्या मुरमात नाहीतर भेगांत. तिथं पार्किंगचं काँक्रीट ओतलं की तेच पाणी खालच्या लाईनीतल्या घरांत शिरणार आणि उन्हाळ्यात आपलेच बोअर फुसफुस करणार. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, एवढ्यात विसरलो का?

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात जाऊन जेवायच्या सणाला, ज्यांना शेत राहिलं नाही अशी कितीतरी घरं याच लिंबाखाली सतरंजी टाकून भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन बसतात. आमच्या शेजारच्या आक्का तर आंबील प्यायल्याशिवाय कुणाला उठूच देत नाहीत. पार्किंगमध्ये बसून येळवस करायची म्हणता का?

तर आता कामाचं. "विकासाला विरोध" असलं मोघम काही लिहू नका. जाहिरातीतला गट नंबर आणि नोटिशीची तारीख टाका, जागा कशासाठी आरक्षित आहे ते लिहा, तुमच्या घरापासून किती लांब आहे, पावसाचं पाणी कुठून येतं, पोरं कुठं खेळतात ते लिहा, जमलं तर पावसातले फोटो जोडा. एकच मजकूर झेरॉक्स काढून शंभर सह्या करण्यापेक्षा प्रत्येकानं आपल्या शब्दात लिहिलेलं बरं, अक्षर वाईट असलं तरी चालतंय. शेवटी "मला सुनावणीची संधी द्यावी" हे वाक्य टाकाच. जाहिरातीत दिलेल्या ऑफिसात दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख मारून घ्या, "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. जाहिरातीचा फोटो ग्रुपवर टाकलाय. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी रविवारी सकाळी आमच्याकडं या, बसून लिहू, चहा माझ्याकडं.