पुढच्या चाकाची किरकिर

दिवाळीचे पाहुणे गेल्यावर एका दुपारी जेवण करून मी गाडी कडुनिंबाखाली घेतली, जॅक लावला, आणि थोड्याच वेळात अंगणात लोक जमले. खेड्यात हे असंच असतं, तुम्ही घरात दिवसभर पुस्तक घेऊन बसा, कोणी ढुंकून पाहत नाही, पण गाडीचं चाक काढलं की पानठेल्यावरचा माणूससुद्धा खर्रा घोटता घोटता उठून येतो.

"काय झालं बे?"

"ब्रेक पॅड बदलून राह्यलो काका. डिस्क पण."

"काऊन? ब्रेक लागत नाही का?"

"लागते. पण आवाज येते."

"मंग लागते न!"

याच्यावर काय बोलणार. खरं तर तो आवाज बनवणाऱ्यानेच ठेवलेला असतो. पॅडच्या मागे पत्र्याची एक छोटी जीभ असते, पॅडचा मसाला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर घासणारा थर, झिजत झिजत खाली आला की ती डिस्कला टेकते आणि चीं सुरू होतं, म्हणजे बाबा रे, आता तरी बघ. मसाला ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलायचेच, माझे तर त्याच्याही खाली गेले होते. आईला मात्र तो आवाज आवडायचा, म्हणे तू फाट्यावर आला की इथं समजते, चहा ठेवता येते.

जॅकवर माझा काडीचा विश्वास नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवलेलं, म्हणजे जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माझ्यावर नाही. नट-बोल्ट काढले त्या क्रमाने परातीत मांडून ठेवायचे हा दुसरा किडा. परात आईची, त्यामुळे "कणकीची परात हाय ते!" हे आतून दर वेळेस ऐकावं लागतं. कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, काढला की तो ब्रेकच्या पाइपावर लोंबकळू द्यायचा नाही, बाइंडिंग तारेने वर स्प्रिंगला बांधायचा. पिस्टन आत दाबायला सुताराकडून शिकंजा आणला होता. जुना पॅड मध्ये धरून हळूहळू आवळत गेलं की पिस्टन आत जातो आणि तिकडे बॉनेटखाली डबीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, ते सांडलं तर रंग खातं, म्हणून भाच्याला तिथे पहाऱ्याला उभं केलं. पोट्टा दर मिनिटाला ओरडायचा, "मामा, आलं! आलं!" जसा काही पूर आला.

काकांचा पुढचा सल्ला तयारच होता, एकाच बाजूचा बदल, पैसे वाचते. मी म्हटलं, काका, एका बैलाला चारा दिला न दुसऱ्याला नाही तर बंडी कुठं जाईल? हे मात्र त्यांना लगेच पटलं. पॅड आणि डिस्क दोन्ही बाजूंचे सोबतच बदलायचे, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते.

जुनी डिस्क काही निघेना. गंजून हबला, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या भागाला, चिकटली होती. तिला आट्यांची दोन भोकं असतात, त्यात बोल्ट घालून एकदा हा, एकदा तो असे आवळत गेलं की ती मागून रेटली जाते. काठाला झिजून धार आलेली. टण्णकन सुटली, आणि तो लोखंडाचा आवाज ऐकून मला एकदम बंडीच्या चाकावरची धाव आठवली.

आमच्याकडे बंडी होती तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड वाळून आकसायचं, आरे खुळखुळायचे, धाव ढिली व्हायची. मग पाऊस यायच्या आधी लोहाराकडे चाकं न्यायची. मोकळ्या जागेत गोवऱ्यांचा गोल रचून त्यात ती लोखंडी धाव तापत ठेवायची, आम्ही पोट्टे बादल्या भरून तयार. तापून फुगलेली धाव तीन-चार माणसं सांडशीने उचलायची, चाकावर ठेवायची, लाकूड भस्सकन पेटायचं, घणाचे ठोके पडायचे, आणि लोहार ओरडला की आम्ही पाणी ओतायचो. वाफ, धूर, काही दिसत नसे. पण ऐकू यायचं, गार होता होता धाव आवळायची आणि आतले सगळे सांधे कर्र कर्र करत मधल्या तुंब्यात घट्ट बसायचे. आबाजी मग एकेक आरा बोटाच्या पेराने वाजवून पाहायचे. कुठला आवाज बरोबर न कुठला नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

ब्रेक आमच्या बंडीला नव्हताच. नाल्याचा उतार आला की आबाजी खाली उतरून कासरा आखूड धरायचे, हो... हो राजा... करत, आणि सगळा भार बैलांच्या मानेवर. बैल मागे रेलून, खुर रुतवत उतरायचे. इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगरात गाडीवाले ब्रेकच्या लाकडाला जुन्या बुटांचे तळवे ठोकायचे, ते पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने १८९७ च्या सुमारास ब्रेकचं लायनिंग बनवायला घेतलं. आमच्याकडे टायरच्या चपला ढीगभर होत्या, कोणाला सुचलं नाही. डिस्क ब्रेकचं पेटंट त्याच्यानंतर, १९०२ चं, तिथल्याच मोटारी बनवणाऱ्या लँचेस्टर साहेबाचं. त्यात तांब्याचे पॅड होते आणि ते इतके किंचाळायचे की लोक हैराण, म्हणजे ही चीं-चीं जन्मापासूनची आहे.

असो. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते क्लीनरने पुसून काढलं, पिनांना ग्रीस, पॅडच्या तोंडाला मात्र ग्रीसचं बोट लागू द्यायचं नाही. आणि गाडी हलवायच्या आधी पॅडल दाबत राहायचं, घट्ट लागेपर्यंत. हे विसरलं तर पहिला ब्रेक सरळ तळाला जातो, न समोर भिंत असते.

संध्याकाळी परतवाड्याच्या रोडला पॅड बसवायला निघालो. म्हणजे स्पीड घ्यायचा, दाबून कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, परत स्पीड, मग जरा गार होऊ द्यायचं. करपल्यासारखा वास येतो, चिखलदऱ्याचा घाट चौथ्या गिअरमध्ये उतरणाऱ्यांना तो चांगला माहीत आहे. आवाज गेला होता. मी खुशीत होतो.

अंधार पडता पडता समोर कापसाची ट्रॉली दिसली, जिनिंगला चाललेली, दोन्ही अंगांनी फुगलेली, मागे ना लाइट ना रेडियम. मी ब्रेक मारला, लागला, छान लागला. मागून गाडी हळूहळू नेत राहिलो बराच वेळ. वर कापसात दोन पोट्टे झोपले होते. अशा ट्रॉलीला सहसा स्वतःचा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर, आणि पुढे पुलाचा उतार होता. ओव्हरटेक करताना मी ड्रायव्हरला हात करून ओरडलो, मागं काहीतरी लाव रे भाऊ. तो हसला, त्यानेही हात केला. गाणं जोरात लागलं होतं, त्याला ऐकूच गेलं नसणार.